पॉवर रद्द करायला तासभर, रद्द झालीय हे सांगत फिरायला महिना

ताई, तुमचा प्रश्न सगळा वाचला. मला काय समजलं ते आधी थोडक्यात लिहितो, काही चुकलं असेल तर पुढचं उत्तर त्या हिशोबाने वाचा. बाबा ७९ वर्षांचे, इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट, निफाड तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग, पेन्शन आणि काही एफडी. २०२० मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी दादांना रजिस्टर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपण ज्याला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी किंवा नुसतं "पॉवर" म्हणतो ते, करून दिलं, त्यात बँकेपासून जमीन विकण्यापर्यंत सगळे अधिकार. आता दोन एफडी मोडल्याचं कळलंय, दादा हिशोब दाखवत नाहीत, कुंभमेळ्याच्या निमित्ताने भाव चाललाय तर जमीन काढून टाकू म्हणतात. बाबा तुम्हाला म्हणाले "त्याच्याकडून काढून घे, तुझ्या नावावर कर". बंगळूरचा धाकटा भाऊ म्हणतो राहू दे, दादाचं मन दुखेल. दादा म्हणतात मूळ कागद देणार नाही, माझ्या सहीशिवाय रद्द होत नाही, आणि तसंही बाबांना विसरायला होतं त्यामुळे त्यांची सही कुठेच चालणार नाही. तुम्ही पुण्याला असता, आणि विचारताय की ही पॉवर रद्द होईल का, रद्द करायची की बदलायची, कशी, आणि आधी जे झालंय त्याचं काय.

मी गेली चोवीस वर्षं नाशिकच्या कोर्टात दिवाणी कामं करतोय, त्यातली निम्मी असल्याच घरातल्या भांडणांची.

दादांची सही लागत नाही. मूळ कागद लागत नाही. धाकट्या भावाची, तुमची, कुणाचीच संमती लागत नाही. पॉवर म्हणजे बाबांनी दादांना "माझ्या वतीने तू सही कर" एवढं सांगितलंय, मालकी दिलेली नाही, आणि सांगणारा माणूस आपलं सांगणं केव्हाही मागे घेऊ शकतो. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २०१ आणि २०३ बघा, मुखत्यार (म्हणजे ज्याला पॉवर दिली तो, इथे दादा) नेमणाऱ्याने अधिकार काढून घेतला की मुखत्यारी संपली. कारण सुद्धा द्यावं लागत नाही. रद्दपत्रात दादांवर आरोप लिहायची तर अजिबात गरज नाही, लोक हौसेने पानंच्या पानं लिहितात आणि मग त्याच ओळींवर अब्रूनुकसानीची नोटीस येते. "सदर कुलमुखत्यारपत्राची आता आवश्यकता राहिलेली नाही" एवढं वाक्य पुरतं.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो, रागावू नका. रद्द करायचंय ते बाबांना की तुम्हाला? माझ्याकडे अशी कामं येतात तेव्हा नव्वद टक्के बोलणं मुलगी किंवा मुलगा करतो आणि म्हातारा माणूस खुर्चीत बसून पंख्याकडे बघत असतो. मग मी बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवतो आणि त्यांना एकट्याला विचारतो, काका काय करायचंय, कशाला करायचंय, जमीन कुठे आहे, गट नंबर माहितीये का, एफडी किती होत्या. दहा मिनिटांत कळतं. काही वेळा असंही निघतं की मुलीसमोर मुलीला हवं ते बोलतात, मुलासमोर मुलाला हवं ते, कारण दोघांच्याही घरी जेवायचं असतं ना. "तुझ्या नावावर कर" हे बाबा तुमच्याशी बोलले, तुम्ही पुण्याहून आलेल्या असताना. तुम्ही नसताना पण तेच म्हणतात का, हे बघा. कारण उद्या कोर्टात दादांचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, रद्दपत्र करायला तुम्हाला कोण घेऊन गेलं, गाडी कुणाची होती, वकिलाची फी कुणी दिली.

त्यावरून विसरण्याचा मुद्दा घेतो, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरणार आहे.

दादांचं म्हणणं बाबांचं डोकं चालत नाही. ठीक, एक मिनिट खरं धरू. पण मग दादांचीच पॉवर संपली की! आपल्याकडे करार कायद्यानुसार पॉवर देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी आपोआप संपते. बाहेरच्या काही देशांत अशी सोय आहे की आजारपणात सुद्धा पॉवर चालू राहते, आपल्याकडे तशी नाही, हे खूप जणांना माहितीच नसतं आणि कोमात गेलेल्या वडिलांच्या नावाने वर्षभर सह्या चालू असतात. म्हणजे दादांनी दोन्हीपैकी एक निवडावं, बाबा शुद्धीत असतील तर ते रद्द करू शकतात, आणि नसतील तर दादांच्या हातात कागदाचा तुकडा उरलाय. हे वाक्य भांडणात तोंडावर फेकू नका पण लक्षात ठेवा.

आणि विसरणं म्हणजे वेडं होणं नव्हे. कायदा एवढंच बघतो की सही करताना त्या माणसाला आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय हे समजत होतं का. सकाळी चष्मा कुठे ठेवला आठवत नाही पण कुठला मुलगा काय करतो, जमीन कुणाची, पैसे कुठे, हे स्वच्छ माहितीये, असा माणूस खुशाल सही करू शकतो. फक्त त्याचा पुरावा त्याच दिवशी तयार करून ठेवायचा. बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्या, आणि विसरण्यावर गोळ्या चालू असतील तर न्यूरोवाल्या किंवा मानसोपचारवाल्या डॉक्टरांचंही घ्या, तारीख रद्दपत्राचीच किंवा आदल्या दिवशीची. नुसतं "फिट आहे" नको, "स्थळ-काळ-व्यक्तीचं भान आहे, व्यवहार समजतो" अशा अर्थाचं हवं. मोबाईलवर व्हिडिओ घ्या ज्यात बाबा स्वतःच्या शब्दांत बोलतायत, तुम्ही पढवलेलं नाही, आणि त्या व्हिडिओत तुम्ही दिसूच नका, आवाजसुद्धा नको. साक्षीदार म्हणून तुम्ही नको, जावईबापू पण नको. शेजारचे काका, बाबांचे ऑफिसमधले जुने मित्र, असे दोघं घ्या जे पुढे तीन वर्षांनी कोर्टात यायला लागलं तरी येतील. खूप म्हातारे साक्षीदार घेऊ नका, हे हसण्यावारी नेऊ नका, माझ्या एका केसमध्ये दोन्ही साक्षीदार पक्षकाराच्या आधी गेले.

आज बाबांना कळतंय तर हे काम दिवाळीनंतर बघू, मुलांच्या परीक्षा होऊ देत, असं ढकलू नका. एकदा भान गेलं की रद्दही करता येत नाही आणि नवीनही देता येत नाही, मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, आपल्यासाठी म्हणजे मुंबई, मेडिकल रिपोर्ट, सगळ्या भावंडांची म्हणणी, आणि त्यात दादांचंही म्हणणं येणारच.

बदलायचं की रद्द करायचं, हेही विचारलंत. जुन्या रजिस्टर कागदावर खाडाखोड करून काही होत नाही. "बँकेचं दादाकडे राहू दे पण जमीन विकायचं काढून टाकू" असं करायचं असलं तरी रस्ता तोच, जुनं पूर्ण रद्द आणि नवं मर्यादित. अर्धवट रद्द करणारा दस्त करता येतो, पण माझा अनुभव सांगतो समोरचा बँकवाला किंवा खरेदीदार दोन कागद शेजारी ठेवून वाचत बसत नाही, तो एकच वाचतो आणि बहुतेक जुनाच.

आता प्रत्यक्ष काम. जुनं पत्र रजिस्टर आहे म्हणून रद्दपत्र पण रजिस्टरच करा. कायद्याने रद्द करणं साध्या पत्रानेही होतं, पण रजिस्टर कागद रजिस्टर कागदाने मारलेला बरा, नाहीतर ज्याला त्याला समजावत बसावं लागतं. शक्यतो त्याच सब-रजिस्ट्रार ऑफिसला करा जिथे आधी झालं होतं. दादा मूळ देत नाहीत तर बाबांच्या सहीने अर्ज करून त्याची सर्टिफाइड कॉपी काढा, त्यावरून दस्त क्रमांक, तारीख, कार्यालय हे रद्दपत्रात जसंच्या तसं लिहा, एक आकडा चुकला तर उद्या दुसराच कागद रद्द झाला म्हणतील. स्टॅम्पपेपर पाचशेचा घ्या. बाबा स्वतः, आधार-पॅन, दोन साक्षीदार, फोटो, अंगठा, झालं. टोकन सकाळचं घ्या, जेवण झाल्यावर या वयात माणूस पेंगतो आणि अधिकाऱ्याने विचारलं "काका, हे कशाचं आहे?" तर उत्तर खणखणीत आलं पाहिजे.

खुब्यामुळे जिना चढणं जमत नसेल तर नोंदणी कायद्यात आजारी माणसाच्या घरी येऊन नोंदणी करायची सोय आहे, डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून अर्ज करायचा, फी भरायची, अधिकारी घरी येतात. पण मी सांगेन जमत असेल तर व्हीलचेअरवर का होईना ऑफिसला न्या. घरी केलेल्या दस्तावर नंतर "कोंडून ठेवून केलं" असं म्हणणं सोपं जातं.

इथपर्यंत एक तासाचं काम. आणि बहुतेक लोक इथे थांबतात, पेढे वाटतात आणि घरी जातात.

माझी स्वतःची चूक सांगतो म्हणजे पटेल. वकिली सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. पंचवटीतले एक आजोबा, पुतण्याला पॉवर दिलेली, ती रद्द करायची. मी व्यवस्थित रद्दपत्र केलं, रजिस्टर केलं, पुतण्याला नोटीस पाठवली, आणि बँकेला पत्र उद्या देऊ, परवा देऊ करत राहिलं. अकराव्या दिवशी पुतण्याने जुनी पॉवर दाखवून एफडी मोडली. मी तावातावाने बँकेत गेलो, मॅनेजर शांतपणे म्हणाले, वकीलसाहेब, आम्हाला कधी कळवलंत? आणि ते बरोबर होते हो. करार कायद्याचं कलम २०८ म्हणतं की मुखत्यारी संपल्याचा परिणाम मुखत्यारावर त्याला कळल्यावर होतो आणि तिऱ्हाईतांवर त्यांना कळल्यावर. म्हणजे तुमचं रद्दपत्र कपाटात असेपर्यंत जगासाठी दादाच मुखत्यार आहेत. बँकेने दिलेले पैसे बरोबर दिले असं धरलं गेलं, आणि आजोबांना पुतण्यावर दावा लावावा लागला. फी मी घेतली नाही पण त्याने काय होतंय.

तेव्हापासून माझा नियम, ज्या दिवशी रद्दपत्र रजिस्टर त्याच दिवशी बँक. दुसऱ्या दिवशी नाही. रद्दपत्राच्या झेरॉक्स दहा आधीच काढायच्या, सोबत बाबांच्या सहीचं साधं पत्र, की अमुक तारखेपासून माझे मुखत्यार म्हणून यांची सही स्वीकारू नये, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या कॉपीवर शिक्का, सही, तारीख, वेळ घ्यायची. वेळ सुद्धा, हो.

बँकेत गेल्यावर नुसतं पत्र देऊन निघू नका, कारण पॉवर रद्द झाली तरी दोन-तीन दरवाजे उघडे राहतात. खातं दादांसोबत जॉइंट केलेलं आहे का बघा. "दोघांपैकी कुणीही" असं खातं असेल तर दादा खातेदार म्हणून पैसे काढतात, मुखत्यार म्हणून नाही, तुमचं रद्दपत्र तिथे काहीच करत नाही, बाबांनी वेगळं पत्र देऊन व्यवहाराची पद्धत थांबवायला सांगावं लागेल. लॉकरचंही तसंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मोबाईल नंबर! ऑपरेशनच्या वेळी सोयीसाठी खात्याला दादांचा नंबर जोडलेला असतो, ओटीपी त्यांच्याकडे जातो, नेटबँकिंग त्यांच्या फोनवर, एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात. माझ्या हिशोबाने आजकाल निम्मे पैसे पॉवरने जातच नाहीत, ओटीपीने जातात. तर नंबर बदला, कार्ड ब्लॉक करून नवं घ्या, पासवर्ड बदला, आधारला जोडलेला नंबर कुणाचा आहे तेही बघा. पेन्शनच्या बँकेत नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला कोण करून देतं हेही विचारून घ्या, नाहीतर दादांना बाजूला केलं आणि पेन्शनच थांबली असं नको.

दादांना नोटीस. पूर्वी आम्ही आरपीएडी, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट, म्हणायचो, २०२५ मध्ये पोस्टाने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं, तर पोच मिळेल अशा पद्धतीने स्पीड पोस्ट करा, शिवाय व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल. पाकीट घ्यायला नकार दिला तर तसा शेरा मारून परत येतं, ते फोडू नका, तसंच बंद फाईलला लावा, बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पाकीट नाकारलं म्हणून कळलं नाही असं म्हणता येत नाही.

या नोटिशीचं महत्त्व आणखी एका कागदात आहे जो तुम्ही बहुतेक पाहिला नसेल. मुखत्यार जेव्हा कुणाच्या वतीने सब-रजिस्ट्रारसमोर खरेदीखत करतो तेव्हा त्याच्याकडून एक घोषणापत्र भरून घेतात. त्यात तो लिहून देतो की ही पॉवर रद्द झालेली नाही, पॉवर देणारा जिवंत आहे, आणि हे खोटं निघालं तर नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ८२ खाली मी शिक्षेला पात्र राहीन. त्या कलमात सात वर्षांपर्यंत कैद आहे. नोटीस पोचली नसेल तर ते घोषणापत्र दादांनी भाबडेपणाने भरलं असं होईल, पोचल्यावर भरलं तर गुन्हा. म्हणून पोचपावती दागिन्यांसारखी जपा.

जमिनीसाठी गावच्या तलाठ्याला, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, आणि मंडळ अधिकाऱ्यांना पत्र द्या. सातबाऱ्यावर लगेच नोंद लागेल असं समजू नका, नुसत्या पत्रावर लागत नाही, पण फेरफार (मालकाचं नाव बदलायची नोंद) आला तर हरकत घ्यायला ते पत्र उपयोगी पडतं. निफाडच्या सब-रजिस्ट्रारला पण एक कॉपी द्या. खरेदीदाराच्या वकिलाने गटाचा सर्च, म्हणजे त्या जमिनीच्या जुन्या दस्तांची तपासणी, काढला तरी रद्दपत्र त्याच्या डोळ्याला पडेलच असं नाही, म्हणून पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते, गट नंबर घालून, देशदूत, गावकरी, लोकमत, सकाळ, निफाड-पिंपळगावकडे जो वाचला जातो तो निवडा. फ्लॅटच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पण पत्र. विकास सोसायटीचं पीक कर्ज असेल तर तिथेही, आणि औषध-खताच्या दुकानात उधारी कुणाच्या नावाने चालते तेही विचारा, हे कुणी विचारत नाही.

बागेवरून आठवलं. तुमचं काम गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षाच्या फळासाठीच्या छाटणीच्या, तोंडावर येतंय. दादा बाजूला झाले की मजूर कोण लावणार, फवारणी कोण बघणार, माल ठरवताना व्यापाऱ्याशी कोण बोलणार? रद्द करायला कायदा लागतो पण बाग कायद्यावर चालत नाही. त्याची सोय आधी लावा, नाहीतर पुढच्या फेब्रुवारीत दादा सगळ्यांना बोट दाखवून सांगतील बघा हिने काय करून ठेवलं, आणि ते खरं असेल.

आधी जे झालंय त्याचं काय, हा तुमचा चौथा प्रश्न. रद्दपत्र मागच्या तारखेने लागू होत नाही. पॉवर चालू असताना दादांनी अधिकारात राहून जे केलं ते बाबांनी केल्यासारखंच आहे. त्यांनी आधीच कुणाशी साठेखत (विक्रीचा आधीचा करार) करून विसार (आगाऊ रक्कम) घेतला असेल तर तो माणूस बाबांच्या दारात उभा राहू शकतो, म्हणून नोटिशीतच विचारा, आजवर कुठले करार केले, कुणाकडून किती रक्कम घेतली. हिशोब मागणं हा बाबांचा हक्क आहे, करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मुखत्याराने मागितल्यावर हिशोब द्यायचाच असतो, भाऊ असो नाहीतर परका. दादांनी ती जमीन स्वतःच्याच किंवा वहिनींच्या नावावर बाबांच्या संमतीशिवाय करून घेतली असेल तर तो वेगळा आणि गंभीर मामला, तसं निघालं तर तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावावा लागतो, कळल्यापासून.

पॉवरमध्ये "कधीही रद्द करता येणार नाही" असं लिहिलंय म्हणून दादा निवांत असतील तर त्या एका ओळीने काही होत नाही. करार कायद्याच्या कलम २०२ चा अपवाद आहे पण तो जिथे मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध आहे तिथे, म्हणजे बिल्डरने पैसे मोजून डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटसोबत पॉवर घेतली अशा वेळी. मुलाने वडिलांच्या आजारपणात पदरचे चार लाख घातले तर तो पैसे मागू शकतो, पॉवर धरून ठेवू शकत नाही. आणि नुसत्या पॉवरने मालक झालो असं कुणी म्हणत असेल तर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात ते स्वच्छ निकाली काढलंय.

जमीन वडिलोपार्जित आहे की बाबांची खरेदीची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीमुळे तुमचा स्वतःचा हिस्सा आहे आणि बाबांच्या पॉवरने तो विकता येत नाही. जुने फेरफार काढून घ्या.

दादा कोर्टात जातील का? गेले तर बहुतेक "बाबांना कळत नाही, बहिणीने फसवून सही घेतली" असा दावा लावून मनाई मागतील. त्यासाठी बाबांच्या नावाने कॅव्हेट टाकून ठेवा, ९० दिवस चालतं, म्हणजे बाबांचं न ऐकता एकतर्फी आदेश होत नाही. पोलिसात जायची घाई नको, फौजदार अर्ज ठेवून घेतील आणि दिवाणी मॅटर आहे म्हणतील, आणि तेवढ्यात घर कायमचं फुटलेलं असेल. हिशोब मागून, नोटीस देऊन, कागद हातात आल्यावर अपहार सरळ दिसत असेल तर मग बघू. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, तो निर्वाहासाठी आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत परत घेण्यासाठी, पॉवर रद्द करायला त्याची गरज नाही.

आता दादांविषयी, कारण धाकटा भाऊ म्हणतो त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही.

एका केसमध्ये असंच, मुलगा हिशोब देत नाही म्हणून बहिणींनी वडिलांकडून रद्द करवलं आणि त्याला काही न सांगता आधी पेपरात नोटीस दिली. सकाळी टपरीवर चहा पिताना त्याच्या मित्राने त्याला ती वाचून दाखवली. तो तसाच माझ्या ऑफिसला आला, मी समोरच्या बाजूचा वकील असूनही, आणि टेबलावर एक कापडी पिशवी उपडी केली. सहा वर्षांची मेडिकलची बिलं, डायपरची, रात्रीच्या नर्सची, रिक्षाच्या पावत्या सुद्धा, वर्षावार रबरबँड लावलेली. हिशोब होता हो, कुणी नीट मागितलाच नव्हता, आणि पुण्या-मुंबईहून फोनवर मागितला तेव्हा त्याच्या डोक्यात सणक गेली की मी रात्री उठून त्यांची चादर बदलतो आणि तुम्ही मला पावती विचारता. एफडी मोडली होती ती खरंच ऑपरेशनसाठी. पॉवर रद्द करणं तिथे चुकीचं नव्हतं, वडिलांना करायची होती, पण त्या भावाने बहिणींशी बोलणं टाकलं ते आजतागायत.

तुमचे दादा तसे असतील असं मी म्हणत नाही, जमीन विकायची घाई मलाही खटकते. पण क्रम सांगतो. आधी सांगितलं तर धोका आहे, ते खरं, म्हणून रद्दपत्र आणि बँक आधी. ते दोन्ही झालं की त्याच संध्याकाळी बाबांनी स्वतः दादांना फोन करायचा, तुम्ही नाही, बाबांनी. "अरे, मी आज पॉवर परत घेतली, तुझ्यावर राग नाही, आता माझं मी बघतो, हिशोबाची वही घेऊन रविवारी ये." नोटीस दोन दिवसांनी पोचेल, पेपर त्यानंतर. रविवारी भडका उडालाच तर जिल्हा कोर्टात मध्यस्थी केंद्र आहे, दावा लावायच्या आधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फे बसता येतं, आणि बाई म्हणून तुम्हाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि शेवटचं, "तुझ्या नावावर कर" याचं. नवी पॉवर लगेच तुमच्या नावाने, तीही सगळ्या अधिकारांची, करू नका. लोकांना काय दिसेल, एकाकडून काढलं आणि दुसरीने घेतलं. तीन महिने विनापॉवर काढून बघा, बाबा बँकेत जाऊ शकत असतील तर कशाला हवी? लागलीच तर खासमुखत्यारपत्र, फक्त अमुक बँकेचं अमुक खातं, फक्त औषधपाणी आणि घरखर्च, एक वर्षासाठी, विकण्याचा, बक्षीस देण्याचा, कर्ज काढण्याचा अधिकार नाही, आणि दर तीन महिन्यांनी तिन्ही भावंडांना हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा अशी अट त्यातच. तुम्ही आणि धाकटा भाऊ दोघांना मिळून दिली तर "दोघांनी एकत्र" की "दोघांपैकी कुणीही" हे स्पष्ट लिहा, बंगळूरहून दर वेळी सहीला येणं झेपणार नाही. विकण्याचा अधिकार कधी द्यावाच लागला तर जवळच्या नातेवाईकाला पाचशेच्या स्टॅम्पवर देता येतो, बाहेरच्याला दिला तर खरेदीखताइतकी ड्युटी लागते, म्हणून मित्राबित्राचं नाव सुचवू नका.

बाबा गेल्यावर कुणाला काय, हे पॉवरने ठरत नाही, बाबांचा श्वास थांबला की पॉवरही थांबते मग ती दादांची असो की तुमची. ते ठरवायचं असेल तर मृत्युपत्र, आणि ते या कामासोबत एकाच दिवशी अजिबात करू नका. महिना-दोन महिने जाऊ द्या, वकील दुसरा घेतला तरी चालेल, आणि त्या दिवशी तुम्ही पुण्यातच राहा.

येताना २०२० च्या पत्राची जी काही झेरॉक्स असेल ती, एफडीच्या पावत्या, बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट आणि सातबारा-आठ अ आणा. बाबांना शक्यतो मंगळवार-बुधवार सकाळी आणा, सोमवारी कोर्टात मला मान वर करायला वेळ नसतो.